पेटीतला नंबर

मंगळवारी भर दुपारी मोटर आपोआप सुरू झाली.

मिरचीची रोपं लावून जेमतेम आठवडा झाला होता. महिनाभर आभाळ कोरडं ठणठणीत, विहिरीत पाणी कमरेएवढं. ते पुरवून वापरायचं म्हणून एक दिवस पाणी आणि एक दिवस उपास असा हिशेब ठरला होता. मंगळवार उपासाचा. आई वाफ्यात वाकून नांग्या भरत होती. मेलेलं रोप उपटायचं, बोटाने भोक पाडायचं, नवं खोचायचं, माती दाबायची. पाठीचा काटा ढिला झाला होता. एवढ्यात विहिरीवर मोटर खाकरली आणि पाइपाच्या तोंडून पाणी भसाभसा वाफ्यात घुसलं.

"अगं बाई!" म्हणून ती अनवाणी धावली. विहिरीच्या काठावर लोखंडी पेटी होती. तिच्यावरचं लाल बटण तिने दाबलं तेव्हा कुठे मोटर थांबली. पण तोवर दोन सऱ्या वाहून गेल्या होत्या. सकाळपासून लावलेली रोपं चिखलात आडवी पडली होती. तिने कपाळावरचा घाम पुसला, तर कपाळभर चिखल लागला. कुणाला शिव्या द्याव्यात हेच कळेना, म्हणून तिने मोटरीलाच चार दिल्या.

ती पेटी दोन वर्षांपूर्वी बसवली होती. बापाचा गुडघा ट्रॉलीखाली आला आणि घरापासून विहिरीपर्यंतची अर्ध्या तासाची वाट त्याला अवघड झाली. पेटीत मोबाइलचं कार्ड असतं. घरबसल्या त्या नंबरावर नुसती रिंग दिली की मोटर चालू, पुन्हा दिली की बंद. पेटी बसवणाऱ्यानेच तो नंबर बापाच्या फोनमध्ये 'मोटर' या नावाने घालून दिला होता. त्या नंबराला बोलायचं काहीच नसल्यामुळे त्याचे आकडे कुणाला पाठ नव्हते.

संध्याकाळी बाप ओट्यावर पाय लांब करून खुरप्याला धार लावत बसला होता.

"तुम्ही रिंग दिली होती का दुपारी?" आईने विचारलं.

"मी कशाला देईन? आज पाणी नाही, माहीत नाही का मला?"

"मग मोटर काय हौसेने चालू झाली?"

"तार चिकटली असेल कुठंतरी." बापाने खुरप्याची धार अंगठ्यावर पाहिली. त्याच्या दृष्टीने विषय संपला. ज्या गोष्टीचं कारण सापडत नाही ती तारेवर ढकलायची त्याची जुनी सवय.

तेवढ्यात थोरली मुलगी शाळेतून आली. दप्तर कोपऱ्यात टाकून ती न बोलता पाणी प्यायली. ही मुलगी बापावर गेली होती. मनात काही असलं की तोंडाला कुलूप. आईने दोनदा विचारल्यावर बोलली.

शाळेचं शेवटचं वर्ष. पुढे शहरातल्या नर्सिंगच्या शाळेत जायचं तिने केव्हाच ठरवलं होतं. बापाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात आठ दिवस तीच उशाशी होती, तेव्हापासून. त्याचा अर्ज शाळेच्या पोर्टलवर भरायचा होता, शनिवारी पाचच्या आत. आणि पोर्टल उघडत नव्हतं.

"सगळ्यांचे पासवर्ड बदललेत. नवा घ्यायला ओटीपी लागतो," थोरली म्हणाली. "तो घरच्या नंबरावर येतो. आपला नंबर बेचाळीसने संपणारा लिहिलाय. बाबा, तुमचा तर सतराने संपतो."

"बेचाळीस माझा जुना. तो बंद होऊन जमाना झाला."

"सर म्हणाले बंद नाही. रिंग जाते, एकदा वाजते आणि कुणीतरी कापतं. सरांनी आज लावून पाहिला."

"गेला असेल दुसऱ्या कुणाला. नंबर बदला म्हणावं."

"तो बदलायलासुद्धा जुन्या नंबरावर ओटीपी येतो. नाहीतर वर अर्ज करायचा, पंधरा दिवस लागतात."

बापाने खुरपं खाली ठेवलं. "चांगली शाळा आहे. इतकी वर्षं पोरगी जाते, एकदा बोलावणं नाही, चौकशी नाही. आणि आता नंबर पाहिजे यांना!"

थोरलीने त्याच्याकडे एकदा पाहिलं. काहीतरी बोलणार होती, पण उठून आत गेली.

बुधवार पाण्याचा. वीज यायची अकराला आणि जायची दोनला. आज मोटर मी हाताने लावीन, रिंग देऊ नका, असं घरी सांगून आईने वीज यायच्या आधीच पायऱ्या उतरून पाइपाच्या तोंडची जाळी साफ करायला घेतली. पाणी खाली गेलं की शेवाळ अडकतं. विहिरीत गारवा होता. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून बोटांनी शेवाळ ओरबाडत होती. त्यात बराच वेळ गेला. डोक्याचं फडकं सुटून पाण्यावर आलं. ती ते उचलणार, तोच वर मोटर घरघरली आणि जाळीने फडकं एका घासात ओढलं. त्याचं दुसरं टोक तिच्या मनगटाला गुंडाळलेलं. क्षणभर हात खेचला गेला, खांद्यातून कळ आली. मग फडकं टरकन फाटलं.

ती पायरीवर बसली. मोटर आपली आपण थांबली. मनगटावर लाल वळ उमटला होता.

घरी आल्यावर तो वळ तिने लपवला असता. पण फडक्याशिवाय ती कधी शेतातून आली नव्हती, आणि ते बापाच्या लक्षात आलं. सगळं ऐकून त्याचा चेहरा काळानिळा पडला.

"पैलवान," तो एवढंच म्हणाला आणि काठी शोधायला लागला.

पैलवान म्हणजे नाक्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटरी बांधणारा. अंगाने काडी, फुंकर मारली तर उडेल, म्हणून पैलवान. पेटी त्यानेच बसवली होती, कार्ड त्यानेच घातलं होतं, वर्षाचा रिचार्जही आठवणीने तोच मारायचा. आणि त्याचं वावर यांच्या वावराच्या खालच्या अंगाला होतं. वाफा फुटला की पाणी आयतं त्याच्यात. बापाने दोन आणि दोन चार केले.

शेडमध्ये चार-पाच गिऱ्हाइकं बसली होती. बाप लंगडत आत शिरला आणि दारातूनच ओरडला, "माझ्या पाण्यावर रान भिजवतोस? आज बायको गेली असती माझी!"

पैलवानाच्या हातात तांब्याच्या तारेचं वेटोळं होतं. तो बघतच राहिला. "भाऊ, काय बोलतोस तू?"

"नंबर तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे? बोल की!"

गिऱ्हाइकं खाली बघायला लागली. खाली बघत कान टवकारायची कला नाक्यावरच्या लोकांना चांगली अवगत असते. पैलवानाने वेटोळं हळूच टेबलावर ठेवलं.

"तुझा पाय मोडला तेव्हा तुझं अख्खं वावर मी भिजवलं, भाऊ. दीड महिना. तेव्हा पाणी चोरायचं सुचलं नाही मला." त्याने दाराकडे हात केला. "जा तू. तुझ्या पेटीला यापुढे मी हात लावणार नाही."

परतीच्या वाटेवर बापाला दोनदा बसावं लागलं. गुडघ्यापेक्षा दुसरंच काहीतरी ठणकत होतं.

गुरुवारी सकाळी आईने स्वयंपाकघरातलं घड्याळ खिळ्यावरून काढलं, टॉवेलात गुंडाळलं आणि टोपलीत घेऊन शेतात निघाली. शेजारीण म्हणाली, "काय गं, घड्याळ पेरणार आहेस का?" आई चालतच राहिली. तिला फार लिहिता-वाचता येत नव्हतं, पण घड्याळ येत होतं. आणि मोटरीला झपाटलंय, तार चिकटलीय, शेजाऱ्याने घात केलाय, यातलं काहीच तिच्या मनाला पटत नव्हतं. पैलवानाला ती ओळखून होती. त्याला चोरी करायची असती तर आधी त्याने तिलाच विचारलं असतं.

पेटीसमोर घड्याळ दगडाला टेकवून ती खुरपायला बसली. नजर मात्र काट्यांवर.

सव्वाअकराला दोन मिनिटं वर झाली आणि मोटर उठली. तिने हात लावला नाही. मिनिटभरात ती पुन्हा बंद झाली. मग आई तशीच उन्हात बसून राहिली. भाकरीची शिदोरी सोडायचंही तिला सुचलं नाही. दीड वाजून तीन मिनिटांनी पुन्हा चालू, पुन्हा बंद.

संध्याकाळी थोरली घरात पाऊल टाकते न टाकते तोच आईने विचारलं, "तुझे सर त्या नंबराला फोन लावतात, ते कधी?"

"छोट्या सुट्टीत. आणि मोठ्या सुट्टीत."

"म्हणजे किती वाजता?"

"सव्वाअकरा. दीड."

बाप कण्हत भिंतीला टेकला होता, आई त्याच्याकडे वळून म्हणाली, "अहो, तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा पैलवान भाऊजींनी पेटीसाठी कार्ड मागितलं होतं. एखादं जुनं पडलंय का म्हणून. मी डब्यातलं काढून दिलं. तुमचं. तुम्ही नवं घेतल्यावर ठेवलेलं."

थोरलीने बापाचा फोन उचलला. 'मोटर' काढली. वहीत सरांनी लिहून दिलेल्या आकड्यांवर बोट ठेवत एकेक आकडा जुळवत गेली. शेवटी चार. शेवटी दोन.

"बाबा," ती म्हणाली, "दोन वर्षं माझी पालक मोटर आहे."

आणि तिला हसू फुटलं. आईही हसली, हसता हसता डोळ्यांना हात लावला. बाप हसला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे पैलवानाची शेड होती.

शुक्रवारी तो नाक्यावर गेला. पैलवान एकटा असताना जावं असं त्याला दहादा वाटलं. पण बोलताना चारचौघांत बोललो, तर गिळतानाही चारचौघांतच गिळायला हवं, एवढं न्यायाचं भान त्याला होतं. शेडमध्ये तीच मंडळी होती. रिकामटेकडी माणसं सहसा जागा बदलत नाहीत.

"चुकलो," बाप दारात उभा राहून म्हणाला. "मोटर शाळेचे सर चालू करत होते. तू नाही. मी सगळ्यांसमोर बोललो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो."

पैलवानाने मान वर केली नाही. तो तार गुंडाळत होता. एक वेढा, दोन वेढे, दहा वेढे. बाप काठीवर भार देऊन तिष्ठत राहिला. गुडघ्यात कळा यायला लागल्या. वीस वेढे झाल्यावर पैलवान म्हणाला, "शाळेचे सर?"

बापाने सगळं सांगितलं. पैलवानाच्या मिशा हलायला लागल्या. "म्हणजे सर तिकडून विचारतात, मॅडम, ओटीपी सांगा, आणि इकडे मोटर पाणी ओकते!" अख्खी शेड हसली. बापानेही हसून घेतलं. ते त्याला देणंच होतं. "बस, भाऊ. पाय बघ कसा थरथरतोय. उद्या सकाळी काढून देतो कार्ड. वहिनींना कसं आहे?"

शनिवार खरा उपासाचा, पण शुक्रवारचं पाणी नाक्याच्या गडबडीत राहून गेलं होतं, ते द्यायचं होतं. कार्ड निघालं म्हणजे मोटर हाताने चालवायला कुणीतरी हवं, म्हणून आई पेटीपाशीच थांबली. "तुम्ही दोघं जा," ती म्हणाली. "मी काय, बटण दाबते." नखाएवढं कार्ड पैलवानाने चिमट्याने ओढलं, बनियनला पुसलं आणि बापाच्या फोनमध्ये बसवलं. मग बापाला मागे बसवून मोटरसायकल काढली. बापाचा दुखरा पाय लांब सरळ ठेवलेला, त्यामुळे समोरून येणारी माणसं आपणहून वाट सोडत होती.

शाळेत संगणकाच्या खोलीबाहेर पोरांची रांग जिन्यापर्यंत होती, थोरली सकाळपासून तिच्यात उभी होती. आत सर एकटेच. तिशीचे, सकाळी सातपासून उपाशी, डोळे तांबारलेले. एका पोराने पासवर्ड पाठ व्हावा म्हणून तो भिंतीवर लिहिला होता आणि घरच्यांनी त्यावर रंग दिला होता. एकीचा जन्म पोर्टलच्या मते तिच्या आईच्या आधीचा होता. एकजण आठ दिवस धाकट्या भावाच्या नावाने आत शिरून आपले मार्क कसे उतरले म्हणून रडत होता. सर कुणावर खेकसत नव्हते. एकेकाची गाठ सोडवत होते. थोरलीचा नंबर आला तेव्हा चार वाजून गेले होते.

"बेचाळीसवाले तुम्ही!" सरांनी बापाकडे पाहिलं. "दोन वर्षांत आज दर्शन झालं तुमचं."

"बोलावलं तर येणार ना," बाप म्हणाला.

"बोलावलं नाही?" सर जरा तिखट झाले, मग स्क्रीनकडे वळले. "असू दे. पाठवतो ओटीपी."

पाठवला. आला नाही. पुन्हा पाठवला. फोनवर एक छोटं पाकीट उघडझाप करत राहिलं. पैलवान वाकून बघत म्हणाला, "जागा भरलीय हो. कार्डात वीसच निरोप मावतात. जुने काढल्याशिवाय नवा शिरत नाही."

थोरलीने पहिला जुना निरोप न वाचताच काढला. लगेच टुणकन एक आला. सहा आकडे. तिने भराभर टाकले. लाल अक्षरं उमटली: चुकीचा ओटीपी.

"थांब, थांब!" सर म्हणाले. "हा मागचा असेल, वाटेत अडकलेला. तीनदा चुकलं की उद्यापर्यंत कुलूप. आणि उद्या काही उपयोग नाही. सगळे काढ आधी. बघून काढ, एखादा कामाचा असायचा."

घड्याळात चार वीस झाले होते. थोरली एकेक उघडून वाचायला लागली.

"आपली मुलगी आज गैरहजर आहे." ही तारीख बापाच्या ऑपरेशनची. काढला.

"पालकसभा, शुक्रवारी सकाळी दहा वाजता." काढला.

"पालकसभा. मागील सभेस आपण अनुपस्थित होता." काढला.

"आपल्या मुलीच्या प्रगतीबाबत वर्गशिक्षकांना भेटावे." काढला. बापाची मान हळूहळू खाली जात होती. सरांनी खुर्ची मागे सरकवली होती आणि ते स्क्रीन सोडून बापाकडेच पाहत होते.

"आपली मुलगी गणितात..." थोरली थांबली.

"वाच," बाप म्हणाला.

"आपली मुलगी गणितात सर्व वर्गांत पहिली आली आहे. बक्षीस समारंभास, शनिवारी दहा वाजता, पालकांनी अवश्य उपस्थित राहावे."

बापाने काठी भिंतीला टेकवली.

"परत वाच."

तिने परत वाचलं. या वेळी आवाज बारीक झाला होता.

"तू सांगितलं नाहीस," बाप म्हणाला.

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. शाळेत सांगितलं होतं, घरी निरोप गेलाय." ती फोनकडे बघत बोलत होती. "मी वाट बघितली, तुम्ही काही म्हणता का. तुम्ही काही म्हटलं नाही. मग मी पण नाही."

"आणि मला वाटलं, हिला कशातच बोलावत नाहीत."

सर घसा खाकरून म्हणाले, "काका, माझी पण चूक आहे. मी तुम्हाला... जाऊ दे. घराकडे एक चिठ्ठी पाठवायला काय हरकत होती!"

"हा काढू नकोस," बाप पोरीला म्हणाला.

"एक राहिला तरी चालेल," सर म्हणाले. "पण बाकीचे लवकर, बाळ."

पाच-सहा जुने आकडे आले, तेही काढले. मग फोन गप्प झाला. सरांनी ताजा पाठवला. चार बेचाळीस. पाकीट आलं. थोरलीने फोन बापापुढे धरला. बापाने तो डोळ्यांपासून लांब नेला आणि एकेक आकडा मोठ्याने, सावकाश सांगितला. सरांनी टाकला. पोर्टल उघडलं. वर पोरीचं पूर्ण नाव आलं, मधोमध बापाचं. तो ते नाव वाचत राहिला.

पासवर्ड बदलला. नर्सिंगची शाळा पहिल्या पसंतीला गेली. अर्ज पोचला, हिरवी खूण आली, तेव्हा पाचाला सहा मिनिटं कमी होती. सरांनी पालकांचा नवा नंबर विचारला. सतराने संपणारा बापाने स्वतः सांगितला आणि पुन्हा एकदा म्हणवून घेतला.

बाहेर आल्यावर पैलवान गाडी काढायला गेला. अंगण रिकामं झालं होतं. बाप काठी टेकत उभा राहिला.

"बक्षीस कुठं दिलं?"

थोरलीने अंगणाच्या टोकाला सिमेंटचा चौथरा होता तिकडे बोट केलं.

"आणि माणसं?"

"खाली. खुर्च्या होत्या. पहिल्या रांगेत ज्यांच्या मुलांना बक्षीस होतं ते."

बाप चालत तिथवर गेला. तिच्या आधाराने जमिनीवरच बसला, दुखरा पाय लांब करून, चौथऱ्याकडे तोंड करून.

"तुला विचारलं असेल ना, वडील कुठं आहेत म्हणून?"

"हो."

"काय सांगितलंस?"

"सांगितलं, आज पाण्याची पाळी आहे."

"होती का?"

"माहीत नाही," थोरली म्हणाली. "मी सांगितलं आपलं."

बापाने मान हलवली. गाडीचा हॉर्न दोनदा वाजला. तो उठला नाही. शेजारची धूळ त्याने हाताने झाडली, जागा केल्यासारखी.

"मी इथं बसलो असतो," तो म्हणाला.